माईंच्या कॅलेंडरातली देणी

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. पहिलं २१ फेब्रुवारीला, शेवटचं १९ जूनला, दर रविवारी एक अध्याय. ऐकायला बरोबरचे सत्याग्रही कैदी होते आणि साने गुरुजी जवळ बसून भराभर लिहून घेत होते. गुरुजींच्या हातून उतरलेली ती ‘गीता प्रवचने’ पुढे देशातल्या कितीतरी भाषांत गेली. एवढं मला शाळेपासून पाठ होतं. पण ते पुस्तक वह्या तपासताना, भांडी घासताना, नळाच्या रांगेत उभं असताना कामाला येतं, हे कळलं ते धुळ्यातच. ज्यांच्यामुळे कळलं त्या माझ्या घरमालकीण होत्या. अख्खी गल्ली त्यांना माई म्हणायची. मी त्यांचं फार देणं लागते. ते फिटायचं नाही, निदान मांडून तरी ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

मी शिक्षिका. नाशिकहून बदली झाली तेव्हा मुलगा चौथीत होता. नवरा आणि सासूबाई त्याला सांभाळून नाशिकला, मी इथे एका खोलीत. ज्या कार्यालयातून ती बदली निघाली तिथे माझं म्हणणं कुणी धड ऐकूनही घेतलं नव्हतं, आणि तो राग उराशी घेऊनच मी धुळ्याच्या स्टँडवर उतरले. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. तशाच एका गल्लीत माईंचं घर. पुढे माझी खोली, मागे त्यांच्या दोन, वर आणखी एक बिऱ्हाड, मध्ये फरसबंद चौक आणि चौकात सगळ्यांना मिळून एकच नळ. माई सत्तरीच्या, बालवाडीतून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी सुरतेला.

एका आड एक रविवार मी नाशिकला जायची. चौकात मात्र दर रविवारी चारच्या सुमाराला सतरंजी पडायची, आणि धुळ्यात असले की मीही बसायची. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी यायच्या, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका यायचे, कॉलेजची दोन-तीन मुलं, कधी कुणाची नवी सून. माई एक अध्याय वाचायच्या. तुरुंगात रविवारी सांगितलेलं, म्हणून आम्हीही रविवारीच. अठरावा झाला की पुन्हा पहिला, अशा वर्षात जवळजवळ तीन फेऱ्या व्हायच्या. आरती नाही, प्रवचनावर प्रवचन नाही. शेंगदाणे-गूळ हातावर ठेवताना त्या प्रत्येकाला एकच विचारायच्या, “यातलं या आठवड्यात काय करून बघणार?” कळलं का, असं त्यांनी कधीच कुणाला विचारलं नाही. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या शिकवण्याची किल्ली या एका प्रश्नात होती. विचार समजला की नाही ते करून बघितल्याशिवाय समजतच नाही, हे बालवाडीत आयुष्य घालवलेल्या बाईला चांगलं ठाऊक होतं.

चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबा कर्म आणि विकर्म यांची जोडी मांडतात. हातांनी बाहेर चाललेलं काम ते कर्म, आणि त्याला आतून जोडलेलं मनाचं काम ते विकर्म. दोन्ही एकजीव झाली की कामाचं ओझंच उरत नाही, त्याचं अकर्म होतं. मी हे वाचून मान डोलावली होती. मग एका संध्याकाळी मी चौकात बसून चाचणीच्या वह्या तपासत होते आणि माई समोर सुपात उडीद निवडत होत्या, कळण्याच्या भाकरीचं दळण करायचं होतं म्हणून. वर्ग माझ्या हाती येऊन महिनाच झाला होता, साठ मुलं. वही उघडायची, बरोबर, चूक, सही, पुढची वही. बराच वेळ त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, “ही कुणाची गं?”

मी वहीवरचं नाव वाचलं.

“कसा आहे मुलगा?”

चेहरा चटकन डोळ्यांसमोर येईना.

“मग असं कर, चेहरा आठवेपर्यंत पेन उचलू नकोस. वेळ जाईल थोडा. जाऊ दे.”

मी तसं केलं. त्या वहीत समासाची रेघ वाकडी होती आणि प्रत्येक ओळ उजवीकडे खाली घसरलेली. चेहरा आठवला तसा तो कुठे बसतो तेही आठवलं. मागच्या भिंतीशी, जमिनीवर, कारण वर्गात बाकं कमी होती. मांडीवर वही धरून लिहिणाऱ्याची ओळ घसरणारच. गणितं सगळी बरोबर होती. अक्षराचा अर्धा गुण मी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. त्या रात्री वह्या संपायला नेहमीपेक्षा थोडाच जास्त वेळ लागला. मान दुखत होती, पण रोज वह्यांच्या गठ्ठ्यावरून उठताना येणारा तो कडवटपणा नव्हता. कामाने दमणं आणि कामाचा वीट येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा संबंध कामाच्या ढिगाशी फार थोडा असतो, हे त्या रात्री मला पहिल्यांदा अंगावर कळलं. तेव्हापासून नोकरी संपेपर्यंत मी वही तशीच तपासली.

दहाव्या अध्यायाचंही असंच. विनोबा तिथे सांगतात की मूल जसं आधी मोठी आणि सोपी अक्षरं शिकतं आणि मग बारीक, जोडाक्षरं वाचू लागतं, तसंच परमेश्वर वाचायला शिकावं. आधी आई, गुरू, नदी, सूर्य अशा ठिकाणी तो सहज वाचता येतो. रावणासारख्यात वाचायला सराव लागतो. आमच्या वरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ हे माईंचं जोडाक्षर होतं. तेव्हा नळाला रोज पाणी येत नसे आणि यायचं तेव्हा पहाटे यायचं. हे गृहस्थ कुणी उठायच्या आत नळाला पाइप लावून आपली टाकी भरून घेत आणि कुणी बोललं तर घर डोक्यावर घेत. माई खाली जाऊन शांतपणे पाइप काढायच्या, हंड्यांची रांग लावायच्या, आणि त्यांचाही हंडा रांगेत त्यांच्या जागी ठेवायच्या. हे कित्येकदा झालं. मी एकदा चिडून म्हटलं, “माई, यांच्यात काय वाचायचंय हो?”

“मला अजून लागलं नाही ते,” त्या म्हणाल्या. “पण अक्षर आहे एवढं नक्की. कागद फाडायचा नाही.”

मला हे उत्तर फार आवडतं. त्या गृहस्थांचं कुठलंतरी लपलेलं दुःख शोधून काढून माईंनी त्यांना माफ केलं असतं तर ते सोपं झालं असतं. माईंना तसं काही सापडलं नव्हतं. तरीही हंडा रांगेत होता आणि पाइप मात्र काढलेला होता.

धुळ्यातल्या दुसऱ्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. नाशिकला निरोप गेला, नवरा येऊन दोन दिवस राहून गेला, पण मुलाची परीक्षा, त्याची नोकरी. डॉक्टर म्हणाले, प्रवास नको. मग माईंनी मला हातात घेतलं. सकाळी आपलं सगळं उरकून त्या माझ्या खोलीत यायच्या, माझाच स्टोव्ह पेटवायच्या, माझ्याच पातेल्यात तांदळाची पेज किंवा मऊ खिचडी रटरटवायच्या आणि ती ताटलीत ओतून फुंकर घालत बसायच्या. त्यांच्याकडे स्वयंपाक झालेलाच असायचा. तिथूनच एक वाटी आणली असती तरी चाललं असतं. मी तसं म्हणाले. त्यावर त्यांनी विनोबांच्या आईची गोष्ट सांगितली.

शेजारची बाई आजारी पडली की रुक्मिणीबाई तिच्याकडे जाऊन स्वयंपाक करायच्या. पण आधी आपल्या घरचा उरकून मग तिच्याकडे. लहानग्या विन्याला हे खटकलं. तो आईला म्हणाला, हा तर स्वार्थ झाला, आधी आपलं आणि मग दुसऱ्याचं. आईने समजावलं की तिचं आधी करून ठेवलं तर जेवायच्या वेळेपर्यंत ते गार होईल. गरम मिळावं म्हणून तिचं शेवटी. विनोबा ही आठवण पुढे आयुष्यभर सांगत. याच आईने त्यांना म्हटलं होतं की संस्कृत गीता मला कळत नाही, मराठीत पद्यात असलेली हवी, आणि तूच ती कर. आई १९१८ सालीच गेल्या. विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली ७ ऑक्टोबर १९३० ला आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला ती पुरी झाली. मागणारी नव्हती तरी मागितलेलं त्यांनी दिलं.

माई ही गोष्ट सांगत होत्या आणि मी गरम पेज पीत होते. सेवा करावी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती गरम असावी, समोरच्याच्या भुकेच्या वेळेला असावी, आपल्या सोयीच्या वेळेला नव्हे, एवढा बारीक विचार त्यात असतो हे मला त्या ताटलीने शिकवलं. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी त्यांना काय दिलं याहून कधी दिलं याची जास्त काळजी घेतली. त्या काळजीतून आमच्या दोघींत जे उमललं ते त्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांत कधी नव्हतं.

आता कॅलेंडराबद्दल. माईंच्या स्वयंपाकघरात, पाटा-वरवंट्याच्या वर, खिळ्याला कालनिर्णय असायचं. त्या काळी घरोघरी तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशोब असे. माईंच्या चौकटीत दुधाच्या आकड्याखाली बारीक पेन्सिलीने आणखी काहीतरी लिहिलेलं असायचं. एकदा मी जवळ जाऊन वाचलं. ‘दूधवाला. पाऊस असून वेळेवर.’ ‘रंजूच्या आईने पापड उलटवले, मी झोपले होते.’ ‘कंडक्टर काका. औषध आणलं, सुटे परत केले.’ ‘नळ साफ केला, कुणी ते कळलं नाही.’ रोज एक, फार तर दोन.

“हे काय हो माई?”

“देणी,” त्या म्हणाल्या. “दुधाचे पैसे महिनाअखेर दिले की दुधाचा हिशोब मिटतो. तो भर पावसात आला, ते कुठं मिटतं? ते लिहून ठेवायला नको?”

याचा धागा सतराव्या अध्यायाशी आहे हे त्यांनीच मला दाखवलं. विनोबा म्हणतात त्याचा गाभा असा: माणूस जन्माला येतो तो तीन गोष्टींच्या आधाराने. भोवतीची सृष्टी, समाज आणि आपलं शरीर. तिन्ही आपण रोज वापरतो, झिजवतो. सृष्टीची झीज भरून काढायची तो यज्ञ, समाजाने आपल्यासाठी केलेलं फेडायचं ते दान, आणि शरीर शुद्ध ठेवायचं ते तप. यज्ञ, दान, तप हे शब्द ऐकले की होमकुंड, दक्षिणा आणि उपवास डोळ्यांपुढे येतात. माईंच्या घरात यज्ञ म्हणजे धुण्याचं उरलेलं पाणी दाराच्या कडुनिंबाला घालणं आणि ओल्या कचऱ्याचा मागच्या बाजूला केलेला खड्डा. तप म्हणजे रात्री एक भाकरी कमी, आणि दिवेलागणीनंतर कुणाबद्दलही तक्रारीचं बोलणं नाही. तक्रार असेल तर सकाळी सांगायची. सकाळपर्यंत बऱ्याचशा तक्रारी सांगण्यासारख्या उरत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता आणि माझाही तसाच आला.

दान म्हणजे ते कॅलेंडर. दान हे देणाऱ्याचं मोठेपण नाही, ते घेतलेलं परत करणं आहे, हा विचार त्यांनी इतका मनावर घेतला होता की त्यांनी कुणाला काही दिलं तर घेणाऱ्याला कधी ओशाळं वाटत नसे. टायफॉइडमधून उठल्यावर मी आभार मानायला लागले तर म्हणाल्या, “तुझ्या आधी या खोलीत एक मास्तर होते. माझा हात मोडला होता तेव्हा त्यांनी महिनाभर पाणी भरलं. त्यांची बदली झाली, गेले. ते तुझ्यात वळतं केलं.” मी कुणात वळतं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

मीही कॅलेंडरात लिहू लागले. सुरुवातीला काही सुचायचं नाही. दिवसभरात मला कुणी काय दिलं? उलट सगळ्यांनी माझ्याकडून घेतलंच आहे, असं वाटायचं. मग हळूहळू दिसायला लागलं. शाळेच्या शिपायाने माझ्या वर्गाची खिडकी आधीच उघडून ठेवलेली असते. नाशिकच्या गाडीत कुणीतरी सरकून जागा दिलेली असते. सासूबाईंनी माझ्या मुलाला जेवायला घातलेलं असतं, रोज, दोन्ही वेळा, आणि ते मी कधी कुठे मांडलेलंच नव्हतं. बदली तीच होती, खोली तीच होती, पगारही तोच. पण ज्या दिवसाच्या चौकटीत एक नाव लिहिलेलं आहे तो दिवस वाया गेला असं म्हणता येत नाही.

असल्या विचारांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. समाधान शिकवलं की माणूस अन्याय गिळायला शिकतो, असं म्हणतात. असं शिकवणारे खूप आहेत, नाही असं नाही. पण विनोबांचा रस्ता तो नव्हता. स्वातंत्र्याच्या आगेमागे ते पवनारहून रोज चालत सुरगावला जाऊन गावची घाण साफ करत. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांचं गाऱ्हाणं ऐकून त्यांनी त्यांच्यासाठी जमीन मागितली आणि मग तेरा-चौदा वर्षं देश पायी तुडवला. माईंचाही रस्ता तो नव्हता. पाणी येईना तेव्हा गल्लीतल्या बायकांना घेऊन त्या नगरपालिकेत गेल्या, एकदा नव्हे. माझ्या बदलीचा अर्ज तर त्याच माझ्याकडून दर सहा महिन्यांनी लिहून घ्यायच्या. “अर्ज नीट लिही, पोच घे, आणि मग वह्या घेऊन बस,” हे त्यांचं वाक्य. अर्जही पूर्ण मनाने, वह्याही पूर्ण मनाने. एकाचा राग दुसऱ्यात सांडू द्यायचा नाही. मला त्यांच्याकडून मिळालेलं सगळ्यात मोठं काही असेल तर ते हे वेगळं ठेवणं.

नाशिकला परत बदली झाल्यावर, निघण्याआधी, मी त्यांना पवनारला घेऊन गेले. त्यांची फार दिवसांची इच्छा होती. भुसावळला गाडी धरून वर्धा, आणि तिथून नागपूर रस्त्यावर धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. १९५९ साली त्यांनी तिथे बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं आणि १९८२ च्या नोव्हेंबरात तिथेच देह ठेवला. आम्ही गेलो तेव्हा एक वयस्क बहीण अंगणात दाणे वाळत घालत होती. दुसरी खुरपं घेऊन वाफ्यात होती. माईंनी चपला काढल्या, तिच्या शेजारी बसल्या आणि न विचारता गवत काढू लागल्या. बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत.

मग आश्रमातल्या एका जुन्या शिल्पापुढे गेलो. बाराव्या अध्यायाच्या प्रवचनात विनोबा लक्ष्मण आणि भरत यांच्या भक्तीविषयी बोलले आहेत. लक्ष्मण रामाच्या जवळ राहून सेवा करतो, भरत दूर अयोध्येत राहून. आणि चौदा वर्षांनी दोघे भाऊ भेटतात त्याचं कुणी चित्र काढलं तर वनातून आलेला कोण आणि राज्य सांभाळणारा कोण हे ओळखू येऊ नये, इतके ते सारखे दिसतील, अशी कल्पना त्यांनी तुरुंगात मांडली होती. पुढे पवनारला जमीन खणताना त्यांना हे शिल्प सापडलं, ते नेमकं भरत-रामाच्या भेटीचं. आश्रमात त्याची स्थापना आहे. माई दगडाच्या अगदी जवळ जाऊन एका भावाचा चेहरा, मग दुसऱ्याचा, असं बघत राहिल्या. मला म्हणाल्या, “तू नाशिकला असतीस तरी एवढंच केलं असतंस ना गं मुलासाठी?” आईपासून दूर राहिलेल्या मुलाचं काय होईल या काळजीने मी धुळ्यात किती रात्री काढल्या होत्या हे त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलेलं असणार. मी उत्तर दिलं नाही. पण तिथून परतताना ती काळजी माझ्याबरोबर नव्हती.

माई गेल्या त्या माझ्या नाशिकला परतण्यानंतर काही वर्षांनी. त्यांच्या मुलीचं पत्र आलं तेव्हा दहावा-तेरावाही होऊन गेला होता. मी उशिरा का होईना जाऊन आले.

आता आमच्या इमारतीत, पार्किंगच्या एका कोपऱ्यात, रविवारी संध्याकाळी पाच-सात जण बसतात आणि मी वाचते. माईंचाच प्रश्न विचारते. मागच्या फेरीत सतरावा अध्याय झाला तेव्हा अकरावीतल्या एका मुलीने सांगितलं, “आपल्या जिन्याच्या मावशी महिन्यातून एकदाही सुट्टी घेत नाहीत, घेतली तर पैसे कापतात. हे समाजाचं फेडणं कुठल्या चौकटीत लिहायचं?” त्यावर इमारतीच्या पुढच्या सभेत ठराव आला की आठवड्याला एक भरपगारी सुट्टी द्यावी. बहुतेकांना पटलं. दोन घरांना अजून पटलेलं नाही आणि त्यातलं एक आमच्याच मजल्यावरचं आहे. त्यांच्याकडे मी परवा पुन्हा गेले होते. चहा झाला, हिशोबाची वही उघडली, दरमहा प्रत्येक घरावर किती पडतात ते मांडून दाखवलं. ते म्हणाले, विचार करतो. रविवारपर्यंत सांगतील.